गारव्याचा भाव

मुंबईतल्या जुन्या उडुपी हॉटेलांच्या रेटकार्डावर दोन रकाने असत. कित्येक ठिकाणी ते अजून आहेत. एका रकान्यात साध्या हॉलचा दर, दुसऱ्यात एसी हॉलचा. भटारखाना एकच, सांबाराचं पातेलं एकच, वाढणारा वेटरही बहुधा एकच. पण काचेचं दार ढकलून आत बसलं की तीच इडली काही रुपयांनी महाग होते. हॉटेलवाले जेवणाची खोली एवढी गार का ठेवतात, असं लोक नेहमी विचारतात, आणि त्याची उत्तरंही ठरलेली असतात. गिऱ्हाईक लवकर उठावं म्हणून, भूक वाढावी म्हणून, मुंबईचा उकाडाच तसा आहे म्हणून, धावपळ करणाऱ्या वेटरला घाम येऊ नये म्हणून. यातल्या प्रत्येकात थोडं तथ्य आहे आणि पुढे त्यांचा एकेक करून विचार केलाच पाहिजे. पण मला वाटतं, खरं उत्तर त्या दुसऱ्या रकान्यात आहे. एसी हॉलातला गारवा जेवणाऱ्याच्या अंगाला मानवेल अशा बेताने दिलेला नसतो. तो पदार्थांसारखाच, पण पदार्थांपासून वेगळा काढून विकलेला माल आहे, आणि विकलेला माल हातात पडल्याचं गिऱ्हाइकाला कळावं लागतं. हा माल मुंबईत कसा आला, त्याला भाव कसा मिळाला आणि सरकारने तो भाव कायद्यात कसा नोंदवला, हे क्रमाने पाहिलं की खोली गरजेपेक्षा गार का होते याचा उलगडा होतो.

जेवताना गार वाटावं ही इच्छा फार जुनी आहे. पण ती पुरी होत असे वाऱ्याने. उन्हाळ्यातल्या लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणावी: मांडवाच्या चारी बाजू मोकळ्या, पुरुष कद किंवा सोवळं नेसून उघड्या अंगाने पाटावर बसलेले, पानात वाफाळता भात आणि त्यावर तुपाची धार. घरी पाहुणा जेवायला बसला की कुणीतरी विंझणा घेऊन शेजारी बसे. वारा घालणं हा आतिथ्याचाच भाग होता, वाढण्याइतका. ऐपतीच्या घरांत दारांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडत. इंग्रज अधिकारी इथे आले तेव्हा त्यांनीही हीच वाट धरली, फक्त माणसाच्या हातातला विंझणा छताला टांगला. जेवणाच्या टेबलावर बरोबर मध्यभागी कापडी झालर लावलेली लाकडी चौकट, तिची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात, आणि तिथे ती ओढत बसलेला पंखेवाला. त्या माणसाच्या कष्टांचा हिशेब वेगळा मांडायला हवा. इथे मुद्दा एवढाच की या साऱ्या व्यवस्थेने खोलीचं तापमान खाली येत नव्हतं. वाळ्याच्या पडद्याने थोडं येई, तेही कोरड्या हवेत. पंखा हवा गार करत नाही. तो अंगावरचा घाम उडवतो आणि घाम उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. जेवणाऱ्याला जे सुख लागतं ते एवढ्याने मिळत असे. आणि तो गरम अन्न खात असताना, अन्न गार न करता मिळत असे, हे विशेष.

थंडी हाच विकत घ्यायचा जिन्नस झाला तो बर्फामुळे. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर अमेरिकेतल्या तळ्यांवर हिवाळ्यात गोठलेला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात दाबून, जहाजांनी उष्ण मुलखांत पाठवू लागला होता. १८३३ साली त्याचं ‘टस्कनी’ नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला सुमारे १०० टन बर्फ शाबूत पोचला. मद्रासला या बर्फासाठी बांधलेलं आइस हाउस समुद्रकिनाऱ्यावर अजून उभं आहे; आज ते विवेकानंदांच्या स्मारकासाठी ओळखलं जातं. मुंबईत बर्फ आला तो १८३४ च्या सुमारास. जमशेटजी जीजीभॉय यांनी आपल्या घरच्या मेजवानीत युरोपियन आणि पारशी मित्रांना तो खाऊ घातला, आणि काही दिवसांनी यजमान व पाहुणे सगळेच सर्दीने आजारी पडल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने दिली, अशी हकीकत शहराच्या जुन्या इतिहासांत नोंदलेली आहे. सर्दी बर्फानेच झाली असेल असं नाही. पण त्या मेजवानीत थंडी कशासाठी होती हे या हकिकतीवरून नीट कळतं. उकाड्याचा उतारा तर ती होतीच, त्याहून अधिक ती अर्ध्या पृथ्वीचा वळसा घालून आलेली दुर्मीळ वस्तू होती. ती खाणाऱ्याच्या दातांना झोंबली पाहिजे, त्याशिवाय ती आल्याचं कळणार कसं? बर्फाचा तो व्यापार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारखान्यांनी संपवला, पण एक शब्द मागे राहिला. आज दुकानात दीड टनाचा एसी मागतात तो ‘टन’ यंत्राच्या वजनाचा नाही. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची शक्ती म्हणजे एक टन, सुमारे साडेतीन किलोवॉट. भिंतीवरचं यंत्र अजूनही बर्फाच्याच मापाने विकलं जातं.

बर्फ आला तरी जेवणाच्या खोल्या मात्र पुढली शंभर वर्षं वाऱ्यावरच चालल्या. मुंबईचं सार्वजनिक खाणं ज्या इराणी हॉटेलांनी घडवलं त्यांची रचना पाहिली की हे लक्षात येतं. जागा बहुधा रस्त्याच्या कोपऱ्यावरची, म्हणजे दोन बाजूंनी उघडी. छत उंच, त्यातून लांब दांड्यांनी खाली सोडलेले पंखे, टेबलांवर संगमरवराच्या फरश्या, बसायला वाकवलेल्या लाकडाच्या हलक्या खुर्च्या, भिंतींवर आरसे. इराणी कोपऱ्यावरच्या जागा कसे पटकावत याविषयी नाना गोष्टी सांगतात. पण कोपरा घेतल्याने हॉटेलाला दोन रस्त्यांचा वारा फुकट मिळाला, हा त्या निवडीचा मोठा लाभ होता. त्या हॉलात बसणाऱ्याला उकडत नसे असं नाही. पण तिथे पाण्याचा ग्लास, पंख्याचा वारा आणि चहा यांचा मेळ बसलेला होता, आणि वाऱ्याचा वेगळा आकार कुणी बिलात लावत नव्हतं. वारा सगळ्यांचा होता. पंख्याखालची खुर्ची मिळवायची तर आधी यायचं, एवढाच भेद.

हवा गार करणारं यंत्र जन्माला आलं तेही माणसाच्या सुखासाठी नव्हे. १९०२ साली विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी ते आखलं. तिथे रंगीत छपाई होत असे; उन्हाळ्यात हवेतल्या दमटपणाने कागद फुगे, आणि एका रंगावर दुसरा रंग जिथल्या तिथे बसत नसे. कॅरिअरला हवेतलं पाणी काढायचं होतं, आणि ते काढण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे हवा गार नळ्यांवरून नेऊन तिचं दव पाडणं. या जन्मकथेकडे पुढे परत यावं लागेल. माणसांसाठी हे यंत्र प्रथम गाजलं ते अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत. १९२५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात कॅरिअरचं यंत्र बसलं आणि एरवी जून-जुलैत ओस पडणारी थिएटरं भरू लागली. दारावरच्या पाट्यांत गारव्याची अक्षरं लोंबत्या बर्फाच्या सुळ्यांसारखी रंगवलेली असत. सिनेमाच्या नावाइतकीच मोठी. मुंबईत कुलाब्याचं रीगल १९३३ साली उघडलं. भारतातलं पहिलं वातानुकूलित चित्रपटगृह म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. म्हणजे मुंबईकराची यंत्राच्या गारव्याशी ओळख झाली ती तिकीट काढून. बाहेर घाम, आत थंडी, मध्ये दार, आणि दारात पैसे. हॉटेलांनी पुढे जे केलं त्याचा आराखडा इथेच तयार झाला होता.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात एसी ही सरकारच्या लेखी चैनीची वस्तू होती. तिच्यावर जबर अबकारी शुल्क होतं, वीज महाग, यंत्र अवजड. ब्लू स्टार १९४३ साली आणि व्होल्टास १९५४ साली, दोन्ही कंपन्या मुंबईतच सुरू झाल्या. तरी सामान्य माणसाच्या घरात एसी येणं दूरच होतं. अशा काळात मध्यम प्रतीच्या हॉटेलवाल्याला सगळा हॉल वातानुकूलित करणं परवडत नसे, आणि त्याची गरजही नव्हती. त्याने पोटमाळ्यावर किंवा मागच्या बाजूला एक खोली काचेने बंद केली, खिडकीत यंत्र बसवलं, दारावर ‘एसी फॅमिली रूम’ अशी पाटी लावली. इराण्यांकडे बायकामुलांसाठी लाकडी फळ्यांच्या केबिनी असत. त्यांचा आडोसा आता काचेने केला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्याची बंधनं पुढे सैल होत गेली तेव्हा परवानाधारकांसाठी परमिट रूम निघाल्या. त्याही रस्त्यावरून नजर जाऊ नये म्हणून बंद, अंधाऱ्या. बंद खोलीला वारा नाही, म्हणून यंत्र. इथे कुणी म्हणेल की मग लोक पैसे मोजत होते ते आडोशाचे, मऊ बैठकीचे, गोंगाट नसण्याचे, गारवा निमित्तमात्र. हा आक्षेप वजनदार आहे आणि मी तो निम्मा मान्य करतो. त्या खोलीत विकलं जाई ते एक गाठोडं होतं. पण गाठोड्यावर नाव गारव्याचंच होतं. रेटकार्डावर ‘शांत हॉल’ किंवा ‘आडोशाचा हॉल’ असा रकाना कुणी छापला नाही. शांतता मोजता येत नाही, बैठकीचा मऊपणा वर्षभरात बसतो, पण गारवा दार उघडल्याबरोबर चेहऱ्यावर येतो. बाकी सगळ्याची ग्वाही देण्याचं काम त्याच्याकडे आलं.

याच दोन हॉलांच्या व्यवस्थेपुढे पहिलं लोकप्रिय उत्तर टिकत नाही. थंडी वाजली की गिऱ्हाईक लवकर उठतं, जागा मोकळी होते, म्हणून खोली गार, असं सांगतात. तसं असतं तर हॉटेलवाल्याने गार केला असता तो खालचा हॉल. घाई तिथे असते. ऑफिसला निघालेला माणूस अनोळख्याच्या टेबलावर बसतो, राइस प्लेट संपवतो, वेटर बिल बडीशेपेच्या बशीत ठेवून मोकळा होतो, आणि मागे खुर्चीला हात लावून पुढचा उभाच असतो. तिथे पंखे फिरत असतात. वर एसीत मात्र कुटुंब येतं, आधी सूप मागवतं, तासभर बसतं, आइसक्रीमपर्यंत पोचतं, आणि त्याला कुणी उठवत नाही. दर जास्त आहे तो या बसण्याचाच. ज्या खोलीत माणसाने रेंगाळावं म्हणून भाव वाढवला, तीच खोली त्याला हुसकावण्यासाठी गार केली, हे जुळत नाही. हुसकावण्यासाठी हॉटेलवाल्याकडे स्वस्त साधनं आहेत: कडक बाक, झगझगीत दिवा, आणि पुसायचं फडकं घेऊन पुन्हा पुन्हा टेबलाशी येणारा पोऱ्या. विजेचं बिल भरून तो ते करणार नाही.

गारव्याला स्वतःचा भाव आहे हे हॉटेलवाल्याने ओळखलं होतं. सरकारनेही ते ओळखलं आणि कायद्यात लिहिलं. या इतिहासातला हा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. १९९१ च्या जुलैतला अर्थसंकल्प उदारीकरणासाठी आठवला जातो. पण त्याच अर्थसंकल्पाने खर्च-कर, जो तोवर महागड्या हॉटेलांतल्या खर्चावर होता, तो वातानुकूलित रेस्टॉरंटमधल्या खाण्यापिण्यावरही लावला, १५ टक्क्यांनी. पुढल्याच वर्षी तो रेस्टॉरंटांवरून उठला. वीस वर्षांनी, मे २०११ पासून, सेवाकर आला: ज्या रेस्टॉरंटच्या कुठल्याही भागात वर्षात केव्हाही वातानुकूलनाची सोय असेल आणि ज्याच्याकडे मद्याचा परवाना असेल, त्याच्यावर. एप्रिल २०१३ मध्ये मद्याची अट गळाली आणि नुसता एसी उरला. कर बिलाच्या ४० टक्के हिश्शावर मोजायचा, म्हणून गिऱ्हाइकाला तो बिलात जवळपास पाच टक्के दिसे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हाही भेद राहिला: मद्य न देणाऱ्या बिगरएसी हॉटेलात १२ टक्के, एसी असेल तर १८. वरच्या मजल्यावर एसी हॉल असेल तर खालच्या पंख्याच्या हॉलात बसणाऱ्यालाही, इतकंच काय, पुडी बांधून घरी नेणाऱ्यालाही १८ टक्केच, असा खुलासा करावा लागला. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून बहुतेक सगळ्या रेस्टॉरंटांना सरसकट ५ टक्के दर लागू झाला आणि हा भेद संपला. करांची ही जंत्री कोरडी वाटेल, पण तिच्यात एक मोठी कबुली आहे. कायद्याला सेवा कशाला म्हणायचं हे ठरवायचं होतं: नुसतं अन्न विकणं कुठे संपतं आणि आतिथ्य कुठे सुरू होतं? वाढप्याचा अदबशीरपणा, टेबलावरचं स्वच्छ कापड, बसायला मिळालेला वेळ, हे सारं सोडून कायद्याने एकच खूण निवडली. ती निवड सोयीची होती, कारण यंत्र भिंतीवर दिसतं आणि निरीक्षकाला वाद घालावा लागत नाही. हॉटेलवाल्याने ती खूण निवडली होती तीही याच कारणाने.

आता खोली गार असणं आणि गरजेपेक्षा गार असणं यांतला फरक. शरीराला सुखकर हवा म्हणजे काय याचं शास्त्र डेन्मार्कच्या पोव्ल ओले फँगर यांनी १९७० साली ग्रंथरूपाने मांडलं. हवेचं तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, भोवतालच्या भिंतींची उष्णता, माणसाच्या अंगावरचे कपडे आणि तो करत असलेले श्रम, या सहा गोष्टींवरून किती लोक समाधानी राहतील हे त्यांनी गणिताने काढलं. त्या गणितात सर्वांत चांगली अवस्था शून्याने दाखवली आहे: गारही नाही, गरमही नाही. म्हणजे सुखी माणसाला हवेची जाणीवच होत नाही. अगदी त्या अवस्थेतही शंभरातले पाच असमाधानी राहतातच. कार्यालयाला हे शून्य परवडतं, कारण तिथला माणूस हवेचे पैसे देत नाही. हॉटेलवाल्याची अडचण इथेच आहे. त्याने हॉल बरोबर शून्यावर ठेवला तर दहा मिनिटांत गिऱ्हाईक हवेला विसरून जाईल, आणि विसरलेल्या गोष्टीसाठी जास्तीचे रुपये का मोजायचे, असं बिल पाहताना त्याच्या मनात येईल. ‘एसी चालू आहे ना?’ हा वेटरला विचारला जाणारा प्रश्न हॉटेलवाल्याच्या कानाला तक्रारीसारखा लागतो. उलट ‘जरा कमी करा’ असं कुणी म्हणालं तर त्यात दोष नाही. माल भरपूर आहे, एवढंच त्यातून निघतं. दोन चुकांपैकी एक महाग आणि दुसरी फुकट असली की हात कुणीकडे झुकणार हे उघड आहे. खोली गार होते ती या झुकावाने.

यावर तांत्रिक बाजूने जो आक्षेप येतो तो सर्वांत भक्कम आहे. मुंबईत नुसती उष्णता नाही, दमटपणा आहे, आणि इथेच कॅरिअरचा छापखाना पुन्हा आठवतो. मे-जूनच्या हवेतलं पाणी काढायचं तर नळ्या चांगल्याच गार लागतात, आणि साध्या यंत्राला दमटपणा वेगळा आणि तापमान वेगळं असं सांभाळता येत नाही. चिकचिक जावी म्हणून रिमोटवरचा आकडा खाली नेतात. चिकचिक जाते आणि सोबत थंडी येते. दुसरं, हॉल भरलेला असतानाचा भार मोठा असतो. अभियंते एका जेवणाऱ्यामागे सुमारे १६० वॉट उष्णता धरतात, आणि त्यात सुमारे १८ वॉट त्याच्या पुढ्यातल्या गरम अन्नाचे असतात. बावीस माणसं जेवायला बसली की एक टन यंत्र त्यांच्यासाठीच लागतं. भिंती, दिवे, उघडणारं दार, भटारखान्यातून येणारी धग वेगळी. रविवारच्या गर्दीसाठी घेतलेलं यंत्र मंगळवारी दुपारी चार वाजता दोन टेबलांवर सगळा जोर लावतं. मोठं यंत्र लहान भारावर चालू-बंद होत राहतं आणि तेव्हा ते हवा गार करतं पण पुरेशी कोरडी करत नाही, म्हणून आकडा आणखी खाली जातो. हे सगळं खरं आहे, आणि एसी हॉल केव्हा केव्हा असह्य का होतो ते यावरून समजतं. पण यंत्राची ही खोड सगळीकडे सारखी आहे. तिच्यावर उपाय आहेत आणि ते हॉटेलवाल्याला यंत्र बसवणारा सांगू शकतो. ज्या दोषाने धंद्याचं नुकसान होतं तो दोष दुकानदार पन्नास वर्षं अंगावर वागवत नाही. हा वागवला, कारण तो त्याच्या बाजूने पडत होता. जानेवारीच्या कोरड्या रात्रीही तोच आकडा तसाच असतो, तेव्हा दमटपणाची सबब उरत नाही.

वेटरचं कारण मात्र मला मनापासून पटतं, त्याच्या मर्यादेत. शांत बसलेल्या माणसाच्या मानाने हातात थाळ्या घेऊन फिरणाऱ्याचं शरीर दुपटीहून अधिक उष्णता तयार करतं. गल्ल्यावरचा मालक दारापाशी बसतो, दार उघडलं की बाहेरची झळ पहिल्यांदा त्याला लागते, आणि रिमोट बहुधा त्याच्याच खणात असतो. अंगावर सुती साडी किंवा पातळ कुर्ता घालून यंत्राच्या झोताखाली बसलेल्या बाईला, म्हाताऱ्या माणसाला, लहान मुलाला त्या आकड्यात विचारलेलं नसतं. २०१५ साली नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की आरामाची रूढ मापं पुरुषांच्या शरीरावर बेतलेली असल्याने स्त्रियांच्या शरीरातली उष्णता त्यांत जास्त धरली जाते. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन जेवणारी बाई आपल्याकडे प्रत्येक एसी हॉलात दिसते. भुकेविषयी म्हणाल तर थंडीत प्राणी जास्त खातात हे जुनं निरीक्षण आहे. अमेरिकेतल्या जॉन ब्रोबेक यांनी १९४८ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून ते मांडलं. पण तो परिणाम दिवसांच्या हिशेबात दिसतो. पाऊण तासाच्या जेवणात त्याने एखादी रोटी वाढेलही, पण महिन्याच्या विजेच्या बिलाला ती पुरायची नाही.

या सगळ्या वादात ज्या गोष्टीसाठी माणूस हॉटेलात येतो तिचं काय होतं, याकडे लक्ष जात नाही. आपलं जेवण गरम खायचं आहे. स्टीलच्या ताटातून उष्णता झपाट्याने जाते; वरून गार हवेचा झोत आला की भातावरचं तूप थिजतं, भाकरी कडक होते, वरणावर साय धरते, पुरी बसते. वाटीतला रस्सा संपेपर्यंत तवंग घट्ट होतो. पंगतीतला वारा घाम उडवत असे आणि वाढपी पुन्हा गरम वाढत फिरत असे. एसी हॉलात एकदाच वाढून ठेवलेली थाळी पाच मिनिटांत निवते. खालच्या पंख्याच्या हॉलातली मिसळ वरच्या हॉलातल्या मिसळीहून चांगली लागते असं खवय्ये सांगतात, ते उगाच नाही. त्या रकान्यातले जास्तीचे रुपये देऊन माणूस थोडं कमी चांगलं जेवण विकत घेतो, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण भटारखान्यात त्या पदार्थासाठी कुणीतरी कष्ट केलेले असतात.

करातला भेद २०१७ मध्ये गेला. रेटकार्डावरचे दोन रकानेही नव्या हॉटेलांतून गेले, कारण नवीन हॉटेल सगळंच एसी असतं. तरी आकडा खालीच आहे. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने १ जानेवारी २०२० पासून घरगुती प्रकारच्या स्टार असलेल्या एसींचं मूळ तापमान २४ अंशांवर ठेवायला लावलं, आणि आकडा एका अंशाने वर नेला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते असं हिशेब देऊन सांगितलं. जून २०२५ मध्ये यंत्र २० च्या खाली जाऊच नये असा नियम करण्याचा मानस ऊर्जामंत्र्यांनी बोलून दाखवला. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने देशातल्या पाच शहरांतल्या कार्यालयांत पाहणी करून आपल्या हवेत आपल्या माणसांना काय मानवतं याचं स्वतंत्र प्रमाण बांधलं, आणि ते २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत आलं. त्याचं सांगणं असं की आपल्याकडची माणसं पाश्चात्त्य मापांपेक्षा बऱ्याच उबदार हवेत सुखी असतात. हॉल २७ वर ठेवावा आणि वर पंखा फिरता असावा, तर अंगाला २४ चं सुख मिळतं आणि तूपही थिजत नाही. यंत्र तेच, पैसे कमी. पण पंखा लावला की हॉल ‘साधा’ दिसतो, असं हॉटेलवाल्याला वाटतं, आणि गिऱ्हाइकालाही. नव्या एसी हॉलांच्या खोट्या छतात पंख्यासाठी हूकसुद्धा सोडलेला नसतो.

आणि त्या हॉलातून काढलेली उष्णता कुठेतरी टाकावीच लागते. यंत्राचं बाहेरचं अंग बहुतेक ठिकाणी मागच्या गल्लीत, भटारखान्याच्या खिडकीजवळ लटकवलेलं असतं, आणि तिथून निघणारी गरम हवा पुन्हा त्याच खिडकीकडे येते. आत तव्यासमोर उभा असलेला माणूस दिवसाचे दहा-बारा तास तिथे काढतो. भटारखान्यातली हवा खेचणारा पंखा हॉलातली थोडी गार हवा ओढून घेतो, तेवढीच काय ती त्याच्या वाट्याला येते. कायद्याने रेस्टॉरंटच्या ‘कुठल्याही भागात’ एसी असला तरी कर लावला, तेव्हा निरीक्षकांनी पोटमाळे मोजले, फॅमिली रूम मोजल्या, बँक्वेट हॉल मोजले. भटारखान्यात एसी आहे का हे पाहायला कुणी गेलं असेल असं वाटत नाही; तिथे तो नसणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं होतं.